पहिल्या वर्षाचे प्रेक्षक

संस्थेचा रौप्यमहोत्सव आला की समया उजळतात, स्मरणिका निघते, हारतुरे होतात. पहिल्या वर्षी यांतले काहीच नसते. असतात त्या रिकाम्या खुर्च्या, उसने आणलेले सामान आणि ‘हे कशाला काढले?’ असे विचारणारे शेजारी. धर्मग्रामातील पतपेढी असो, नाट्यमंडळ असो की तरुणांचा फुटबॉल संघ असो, पहिल्या वर्षाची कथा सर्वत्र एकच. ज्या पहिल्या वर्षाविषयी आज आम्ही लिहीत आहोत ते मात्र आपल्या परिसरातले नव्हे. ते आहे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातले, आणि एका व्यावसायिक लॅक्रॉस संघाचे. या खेळाचे नाव पुष्कळ वाचकांना अपरिचित वाटेल. १९९८ सालापर्यंत आम्हां उभयतांनाही ते अपरिचितच होते.

आमची धाकटी कन्या आणि जावई १९९७ च्या पावसाळ्यात वसई सोडून टोरोंटोशेजारच्या मिसिसॉगा शहरी गेले. मुंबई-वसईकडची बरीच ख्रिस्ती कुटुंबे त्या भागात स्थिरावली आहेत. त्यांच्याच आधाराने यांनीही बिऱ्हाड मांडले. जावई मुंबईत एका बऱ्या कंपनीत हिशेबनीस होते. तेथे मात्र प्रत्येक कचेरीत एकच प्रश्न: ‘कॅनडातील कामाचा अनुभव किती?’ अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. अखेर एका गोदामात रात्रपाळीचे काम मिळाले. खोकी भरायची, चिकटपट्टी लावायची, गाडीत चढवायची. आम्हांला आलेल्या पत्रात जावयांनी एवढेच लिहिले होते, ‘कंपनीत लागलो.’ खाली कन्येच्या अक्षरात एक ओळ होती: काम कसले आहे ते गावात कोणाला सांगू नका.

त्याच गोदामात एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. मूळचे इटालियन घराण्यातले, हॅमिल्टनचे रहिवासी. ऑन्टॅरिओ सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेले हे शहर पोलादाचे. या गृहस्थांनीही उमेदीची वर्षे पोलादाच्या कारखान्यात घातली होती. १९९८ च्या हिवाळ्यात त्यांनी जावयांच्या हाती एक तिकीट ठेवले आणि आपल्या शहरातल्या नव्या संघाचा सामना पाहायला या, असा आग्रह केला. त्या संघाचे नाव ऑन्टॅरिओ रेडर्स.

येथे खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. लॅक्रॉसमध्ये प्रत्येक खेळाडूच्या हाती टोकाला जाळी विणलेली काठी असते. रबराचा लहानसा, टणक चेंडू त्या जाळीत झेलायचा, काठी झुलवीत धावायचे, सोबत्याकडे फेकायचा आणि संधी साधून प्रतिपक्षाच्या गोलात मारायचा. मोकळ्या मैदानावर एका बाजूला दहा खेळाडू असतात. बंदिस्त प्रकारात गोलरक्षक धरून सहाच. हा बंदिस्त खेळ बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेल्या रिंगणात होतो. जमिनीवर हिरवा गालिचा अंथरतात, भोवती लाकडी कठडा असतो. चेंडू ताब्यात आल्यापासून तीस सेकंदांत गोलाकडे मारलाच पाहिजे, अशी अट. त्यामुळे श्वास घ्यायला उसंत नाही आणि एका सामन्यात दोन्ही बाजू मिळून वीस-पंचवीस गोल होणे नवलाचे नाही.

खेळ मुळात उत्तर अमेरिकेच्या मूळनिवाशांचा. हॉडेनोशोनी, ज्यांना फ्रेंचांनी इरोक्वा म्हटले, ते याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात आणि आजाऱ्याला बरे वाटावे म्हणूनही खेळतात. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असे एक नाव या इतिहासात येते, ते म्हणजे जेझुइट धर्मगुरू संत जाँ द ब्रेबफ यांचे. ह्यूरॉन लोकांत राहून त्यांनी १६३६ साली जो वृत्तान्त लिहिला, त्यात या खेळाचा उल्लेख आहे. रोग्यासाठी वैदू साऱ्या गावाला हा खेळ खेळायला सांगतात, हे त्यांनी नापसंतीच्याच सुरात नोंदले. परंतु नोंदले, म्हणून ते आज आपल्याला कळते. ‘क्रॉस’ हे नाव बिशपांच्या दंडावरून पडले असे पुष्कळ जण सांगतात. फ्रान्समध्ये वाकड्या काठीने खेळायच्या एका खेळाला तो शब्द आधीपासूनच होता, हेही ध्यानात ठेवावे. ब्रेबफ यांना १६४९ साली हौतात्म्य आले व १९३० साली संतपद मिळाले. मिडलंड येथील हुतात्म्यांच्या तीर्थमंदिरात त्यांचे अवशेष आहेत. आम्ही तेथे यात्रेला गेलो असता खेळाची ही हकीकत प्रथम ऐकली.

पुढे १८६७ साली माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी या खेळाचे नियम बांधले आणि गोऱ्या समाजाने तो आपलासा केला. १८८० साली कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःला ‘हौशी’ म्हणवून पैसे घेणाऱ्या खेळाडूंना वर्ज्य ठरविले. मूळनिवाशांचे संघ दूरवर प्रवास करून खेळायला येत, खर्चासाठी पैसे घेत. नियम दिसायला सर्वांसाठी होता. त्याने बाहेर पडले ते मुख्यतः हे लोक. ज्यांनी खेळ दिला त्यांनाच दाराबाहेर उभे राहावे लागले. ‘व्यावसायिक’ हा शब्द त्या काळी जवळजवळ शिवीसारखा होता.

पैशाचा खेळ मात्र पुन्हा पुन्हा डोके वर काढीत राहिला. १९३१ साली माँट्रियलच्या हॉकी संघाच्या मालकांना प्रश्न पडला, की उन्हाळ्यात आपली बर्फाची रिंगणे ओस पडतात, त्यांचे करायचे काय? त्यातून बंदिस्त लॅक्रॉस जन्माला आला. महामंदीचे दिवस होते. त्यांची व्यावसायिक स्पर्धा १९३२ सालीच आटोपली. १९८७ साली रस क्लाइन आणि ख्रिस फ्रिट्झ यांनी अमेरिकेत चार संघांची नवी साखळी उभी केली. हीच पुढे नॅशनल लॅक्रॉस लीग झाली. १९९४ साली कॅनडाच्या संसदेने लॅक्रॉसला देशाचा उन्हाळी राष्ट्रीय खेळ म्हणून मान्यता दिली, तरी या साखळीत कॅनडाचा एकही संघ नव्हता. तो आला १९९८ साली, हॅमिल्टनमध्ये. ऑन्टॅरिओ रेडर्स तो हाच.

घर मोठे आणि पाहुणा लहान, अशी त्याची गत होती. हॅमिल्टनच्या कॉप्स कोलिझियममध्ये सतरा हजारांच्या आसपास लोक बसू शकत. १९८५ साली ते बांधले तेव्हा शहराच्या मनात स्वप्न होते राष्ट्रीय हॉकी लीगच्या संघाचे. तो संघ कधीच आला नाही. आता त्या विशाल घरात नवखा रेडर्स उतरला. प्रशिक्षक मात्र नवखे नव्हते. लेस बार्टली यांनी पलीकडच्या बफेलो शहराच्या संघाला १९९२, १९९३ व १९९६ अशी तीन अजिंक्यपदे मिळवून दिली होती. भरल्या घरातून उठून ते या रिकाम्या घरात आले होते.

जावयांनी त्या सामन्याचे वर्णन लिहून पाठविले ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे. चेंडू कोठे आहे हे पहिला अर्धा तास आपल्याला दिसलेच नाही, असे त्यात होते. आणखी एक गोष्ट होती. शेजारी बसलेल्या त्या गृहस्थांनी खेळाडूंची ओळख करून देताना प्रत्येकाचा धंदाही सांगितला. हा शाळेत शिकवतो, तो अग्निशामक दलात आहे, तो सुतारकाम करतो. तिकिटावर ‘व्यावसायिक’ असे छापलेले होते, पण खेळाच्या मानधनावर कोणाचेही घर चालत नव्हते. सोमवार ते शुक्रवार पोटाचा उद्योग आणि शनिवार-रविवार गालिच्यावर. दूरचा सामना असेल तर कामावरून सुटून परस्पर विमानतळ गाठायचा.

रेडर्सनी त्या वर्षी बारा सामने खेळले. सहा जिंकले, सहा हरले. पहिल्या वर्षाला यापेक्षा साजेसा हिशेब कोणता? हिशेबनिसाच्या भाषेत जमा आणि खर्च समसमान. त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षासाठी पैसे बाजूला काढायला आरंभ केला होता. संघाचे नाव असलेली टोपी ते कामावरही घालून येत.

तोच बातमी आली की संघ विकला गेला. बिल वॉटर्स आणि त्यांचे सहकारी यांनी तो घेतला. हॉकीतील विख्यात बॉबी ऑर हेही त्यांत होते. संघ टोरोंटोला हलला आणि नावही बदलले: टोरोंटो रॉक. खेळाडू बहुतेक तेच, प्रशिक्षक तेच. हरवले ते गाव. व्यवहाराच्या दृष्टीने कोणाचे काही चुकले नसेल. टोरोंटो मोठे शहर, पैसा मोठा, वृत्तपत्रे मोठी. तथापि ज्या लोकांनी नाव कोणाला ठाऊक नसताना टाळ्या वाजविल्या, त्यांना त्या टाळ्यांची पावती कोणी दिली नाही. त्या गृहस्थांनी ठामपणे सांगितले, की आपण टोरोंटोला जाणार नाही. टोपी मात्र त्यांनी काढली नाही.

१९९९ च्या मार्चमध्ये आम्ही उभयता प्रथमच कॅनडाला गेलो. बर्फ वितळू लागला होता आणि रस्त्याच्या कडेला त्याचे काळपट ढीग साचले होते. घरात एक अबोल ताण जाणवत होता. गोदामातले दुसरे वर्ष चालू होते. उन्हाळ्यापर्यंत दुसरे काही झाले नाही तर परत यावे, असा जावयांचा विचार असल्याचे कन्येने स्वयंपाक करता करता हळूच सांगितले. परत यायला कोणाची ना नव्हती. परंतु गावी काय सांगायचे, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. कंपनीत लागलो असे लिहिले होते ना!

एका सायंकाळी ते आम्हांला मेपल लीफ गार्डन्समध्ये घेऊन गेले. १९३१ साली उघडलेली ही इमारत म्हणजे कॅनडाच्या हॉकीचे जणू देऊळच. १३ फेब्रुवारी १९९९ रोजी हॉकीचा मेपल लीफ्स संघ येथला शेवटचा सामना खेळून नव्या वास्तूत राहायला गेला होता. थोरला मुलगा बंगला बांधून निघून जावा आणि जुन्या वाड्यात धाकट्याने चूल पेटवावी, तसा टोरोंटो रॉक तेथे नांदत होता. सामना चालू असतानाही ध्वनिक्षेपकावर कर्कश संगीत वाजत होते. आम्हां उभयतांपैकी जिने आयुष्यात क्रिकेटचाही एक डाव नीट पाहिला नव्हता, तिने मध्यांतरापर्यंत दोन खेळाडूंचे क्रमांक पाठ केले आणि त्यांना लागू नये म्हणून मनात प्रार्थना चालविली. कठड्यावर आदळणाऱ्या देहांचा आवाज आमच्या रांगेपर्यंत येत होता.

मध्यांतरात जावयांनी आम्हांला खेळाडूंचे उद्योग सांगितले, जसे त्या गृहस्थांनी त्यांना सांगितले होते. मग थोडे थांबून म्हणाले, “पप्पा, मम्मी, गावी गेल्यावर कोणी विचारले तर सांगा, मी गोदामात खोकी भरतो.” त्यापुढे ते काही बोलले नाहीत. आम्हीही काही विचारले नाही. सोमवारी शाळेत फळा पुसणारा मनुष्य शनिवारी पंधरा हजारांच्या घरात मानाने उतरतो आणि फळा पुसण्याची त्याला लाज वाटत नाही, हे त्यांनी वर्षभर पाहिले होते. आपण जे काम करतो ते आणि आपण जे आहोत ते यांत अंतर असू शकते. त्या अंतराची चोरी वाटण्याचे कारण नाही, हे त्यांना कोणा प्रवचनातून उमगले नव्हते.

आम्ही तेथे असतानाच, २३ एप्रिल १९९९ रोजी, त्याच वास्तूत अंतिम सामना झाला. रॉकने रॉचेस्टर नाइटहॉक्स संघाला १३–१० असे हरवून टोरोंटोच्या नावाखालील पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळविले. वृत्तपत्रांनी ‘पहिल्याच वर्षी’ हे शब्द आनंदाने छापले. हॅमिल्टनच्या हिशेबाने ते दुसरे वर्ष होते. गोदामात त्या गृहस्थांना पेढ्याऐवजी डोनट देऊन जावयांनी अभिनंदन केले. त्यांनी तो खाल्ला आणि संघ चांगला खेळला एवढेच म्हटले.

पुढील वर्षी पुन्हा तेच दोन संघ अंतिम सामन्यात भिडले. बरोबरी चालू होती आणि घड्याळात जेमतेम एक सेकंद उरले असता केलेब टॉथ यांनी गोल केला. १४–१३. गार्डन्समधला तो अखेरचा व्यावसायिक सामना ठरला. त्यानंतर संघ नव्या वास्तूत गेला. २००२, २००३, २००५ आणि २०११ सालीही त्याने अजिंक्यपद मिळविले. लेस बार्टली यांना २००३ साली कर्करोगाचे निदान झाले व त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. २००५ साली त्यांचे निधन झाले. लीगमधील उत्तम प्रशिक्षकाला दर वर्षी मिळणारे पारितोषिक त्यांच्या नावाने आहे.

जावई परत आले नाहीत. दिवसा झोप, सायंकाळी हिशेबशास्त्राचे वर्ग आणि रात्री गोदाम असे क्रमाने चालले. दोन वर्षांनी तेथील परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांना कचेरीत जागा मिळाली. हे खेळामुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. झाले ते कन्येच्या काटकसरीने आणि त्यांच्या जागरणाने. परंतु लपविण्यात जी शक्ती खर्च होत होती ती अभ्यासाकडे वळली, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

नंतरच्या एका खेपेला आम्ही गार्डन्स पुन्हा पाहिले. २०११ साली तेथे मोठे किराणा दुकान उघडले होते; वरच्या मजल्यावर विद्यापीठाचे क्रीडागृह. दुकानातल्या एका गल्लीत फरशीवर एक तांबडा ठिपका रंगविलेला आहे. बर्फाच्या रिंगणाचा मध्यबिंदू नेमका तेथे होता. ढकलगाड्या त्यावरून जात-येत असतात. आम्ही तेथे थोडा वेळ उभे राहिलो, मग तांदूळ घेऊन घरी आलो.

आणि मग २०२१ साली, तेवीस वर्षांनी, संघ हॅमिल्टनला परत गेला. त्याच जुन्या कॉप्स कोलिझियममध्ये. आता त्या वास्तूचे नाव बदललेले होते. संघाने आपले नाव मात्र टोरोंटो रॉक असेच ठेवले. राहायचे एका गावी आणि नाव दुसऱ्या गावाचे, याचे आम्हांला नवल वाटले नाही. आमची कन्या पाव शतक मिसिसॉगात राहते, कोणी विचारले तर आजही म्हणते, “आम्ही वसईचे.”

ते गृहस्थ तोवर पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. जावयांनी या वेळी तिकीट काढले आणि त्यांना सोबत नेले. डोक्यावर तीच रेडर्सची टोपी, रंग उडालेली. दारावर तिकीट तपासणाऱ्या तरुण मुलीने कुतूहलाने विचारले, हा कोठला संघ? त्यांनी मागची रांग खोळंबवून तिला सारे सांगितले: कोणते वर्ष, किती सामने, कोण प्रशिक्षक. तिने शांतपणे ऐकून घेतले. जावयांनी फोनवर ही हकीकत सांगितली तेव्हा त्या रात्री कोण जिंकले हे सांगायचे ते विसरले आणि आम्हीही विचारले नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन आपल्या मुंबईत भरले. २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धांत क्रिकेटसह पाच खेळ घेण्याचे तेथे ठरले. क्रिकेटचा जयघोष झाला, तो योग्यच. त्याच पाचांत लॅक्रॉसही होता. १९०४ आणि १९०८ नंतर तो प्रथमच पदकासाठी खेळला जाणार. ही बातमी आपल्या दाराशी घडली असून किती जणांनी ती वाचली असेल? हॉडेनोशोनींनी आपल्या स्वतःच्या ध्वजाखाली उतरू द्यावे अशी मागणी केली आहे. राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेच संघ पाठवावा, असा नियम त्यांच्या आड येतो. १८८० साली नियम होता हौशीपणाचा, आता आहे राष्ट्रांचा. सर्वांत आधी आलेल्यांनी सर्वांत शेवटी दारावर उभे राहावे, हे या खेळाच्या नशिबी दुसऱ्यांदा येऊ नये.

आपल्या धर्मग्रामांतही दर वर्षी काही ना काही नवे निघते. वाचनालय निघते, संघ निघतो, मंडळ निघते. त्यांतले बरेचसे टिकत नाही, काही दुसऱ्याच्या हाती जाते, काही नाव बदलून मोठे होते. मोठे झाल्यावर स्मरणिकेत छायाचित्रे येतात ती चषकाची. आमची संपादक मंडळींना आणि कार्यकर्त्यांना एवढीच विनंती आहे, की पहिल्या वर्षी ज्यांनी खुर्च्या मांडल्या, वर्गणी दिली आणि हरलेल्या सामन्यानंतरही जे बसून राहिले, त्यांची नावे ते हयात असतानाच विचारून लिहून ठेवावीत. पहिल्या वर्षाचा दुसरा पुरावा कोणाकडेच नसतो.